नदीपासून दूर जाल तसे खाली उतराल

तमिळ आडि महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे आपल्याकडचा ऑगस्टचा पहिला आठवडा. तुम्ही कुंभकोणममध्ये कावेरीच्या चक्रपडितुरै घाटावर उभे आहात. पायऱ्यांवर बायकांची दाटी आहे. हळदीचे दोरे, गूळ घातलेले तांदूळ, ताडपानाची कर्णभूषणं, काळे मणी असं सगळं पाण्यात सोडलं जातंय. कावेरी गरोदर आहे अशी इथली समजूत, आणि आज तिचे डोहाळे पुरवायचे. वर बघा. आभाळ कोरडं, निळं, ऊन भाजणारं. पाणी मात्र गढूळ आणि चढतं.

पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आपल्या नद्यांना पूर येतो तेव्हा आपणही भिजत असतो. इथे पूर परगावच्या पावसाचा. जून-जुलैत पाऊस पडतो तो कोडगूत आणि वायनाडात. कुंभकोणमचा स्वतःचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे इथल्या जमिनीला वर्षातून दोनदा पाणी मिळतं, एकदा नदीकडून भर उन्हात आणि एकदा आभाळाकडून. काठावरच्या झाडांचं अर्धं गणित या दोन पाण्यांत आहे.

आजचा पूर अर्थातच मेट्टूर धरणाच्या दारांतून येतो. रिवाजानं 12 जूनला ती दारं उघडतात आणि कुरुवै भाताची धांदल सुरू होते. पलीकडच्या काठावर नजर टाका. वेडी बाभूळ, बेशरम, आणि कडेच्या साचल्या पाण्यात जलपर्णी. तिघीही अमेरिकेतून आलेल्या. त्यांच्याकडे पाहून इथे कोणतं रान होतं ते कळणार नाही, म्हणून घाटाच्या पायऱ्या उतरायला लागा. प्रत्येक पायरीला काळ मागे जाईल.

पहिली पायरी: जुलै 1924. मेट्टूरचं काम अजून सुरूही झालेलं नाही. ते 1925 ते 1934 मधलं. दारं नाहीत म्हणून पुराला वेळापत्रक नाही. याच महिन्यात त्रावणकोर बुडालं, तिकडचे लोक तो पूर अजून ‘नव्व्याण्णवचा’ म्हणून ओळखतात, कारण त्यांच्या पंचांगात ते 1099 साल होतं. त्याच पावसानं इथे कावेरीनं काठ ओलांडलाय. तुमच्या गुडघ्याशी पाणी आहे आणि त्याचा आवाज खर्जातला. ते ओसरेपर्यंत थांबा. नदीच्या पोटात काल नव्हतं तिथे आज वाळूचं एक बेट आहे, आणि शेतांवर कुठे वीतभर गाळ, कुठे नुसती निरुपयोगी वाळू. शेतकरी कपाळाला हात लावून बसलाय. त्या ओल्या वाळूवर काही आठवड्यांत काशगवत उगवेल, मग लव्हाळा. कुणी उपटलं नाही तर त्यांच्या आडोशाला निर्गुडी. पण इथे कुणीतरी उपटणारच. जंगलाचा पहिला अध्याय कावेरी दरवर्षी लिहिते आणि दुसरा सुरू व्हायच्या आत नांगर येतो.

पुढची पायरी: 1836. वेडी बाभूळ दिसेनाशी झाली. ती मद्रास इलाख्यात 1877 साली येणार आहे. जलपर्णीही गेली, पाणी उघडं झालं. या गावात जन्मलेले माधवराव यंदा आठ वर्षांचे आहेत. पुढे सर टी. माधवराव म्हणून ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण होतील. वरच्या अंगाला, कावेरी आणि कोळ्ळिडम जिथे वेगळ्या होतात तिथे, आर्थर कॉटन नावाचा इंग्रज इंजिनिअर बंधारा घालतोय. दुसरा बंधारा कुंभकोणमच्या ईशान्येला, अणैकरैला, कोळ्ळिडमवरच. कारण समजून घेण्यासारखं आहे. कोळ्ळिडमला उतार जास्त, पात्र खोल, समुद्र जवळ. कावेरीत गाळ साठून तिचं पात्र वर येत चाललेलं. नदीला स्वतःच्या मर्जीवर सोडलं असतं तर तिनं कावेरी टाकून कोळ्ळिडम धरली असती. त्रिभुज प्रदेशातली नदी असंच करते: एक फाटा भरून टाकते, मग तो सोडून सखल वाट शोधते. कॉटननं ते होऊ दिलं नाही. बंधाऱ्यानंतर कावेरीत पाणी इतकं येऊ लागलं की पुढे बंधाऱ्याची मधली बाजू थोडी उतरवावी लागली. तंजावरचं भात वाचलं, आणि कावेरीचा नदी म्हणून असलेला स्वभाव संपला. मला कॉटनचा राग येत नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही हेच केलं असतं.

आणखी खाली उतरा, आणि घाट सोडून काठाकाठानं पूर्वेला चाला, गोविंदपुरमपर्यंत. साल 1805 च्या आसपास, तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले. नदीकाठी वाळू उपसणाऱ्या मजुरांची गर्दी आहे, आणि बाजूला सावलीत मोडी कागदांचं दफ्तर घेऊन कारकून बसलाय.

“आपण कोठले?” तो चक्क मराठीत विचारतो.

“पुण्याकडले.”

“तिकडच्या नद्या जाग्यावर राहतात म्हणे,” तो म्हणतो. “ही राहत नाही.”

परंपरा सांगते ती गोष्ट अशी. नामसिद्धांताचे आचार्य बोधेंद्रस्वामी 1692 मध्ये इथे समाधिस्थ झाले. शंभर-सव्वाशे वर्षांत कावेरी सरकली, समाधी वाळूखाली गेली, जागा कुणाला सांगता येईना. मग मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी वाळूत कान लावून ती शोधली. खालून रामनाम ऐकू आलं म्हणतात. आणि सरफोजीराजांनी नदी बाजूला वळवून दिली. 1799 च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि राजाच्या हाती तंजावरचा किल्ला तेवढा उरला होता. तेव्हा हुकूम नक्की कुणाचा चालला याबद्दल गोष्ट गप्प आहे. मला तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या तीन-चार पिढ्यांत नदी इतकी हलली की एका प्रख्यात संन्याशाची समाधी हरवली. पूरमैदानातलं जंगल याच हलण्यावर जगतं. नदी एका काठाला कुरतडते, तिथली जुनी झाडं मुळांसकट आत घेते. समोरच्या काठाला वाळू टाकते, तिथे नव्या झाडांची सुरुवात होते. ही उलथापालथ थांबली की काठावर एकाच वयाची म्हातारी झाडं उरतात, खाली पोरं नसतात.

गंमत म्हणजे सरफोजीराजांना वनस्पतींची मनापासून हौस होती. त्यांनी प्राण्यांची आणि झाडांची चित्रं काढून घेतली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. पण तोपर्यंत कुंभकोणमच्या भोवती चितारायला जंगल राहिलं नव्हतं. ट्रँक्विबारच्या डॅनिश वसाहतीतला कोनिग हा लिनियसचा शिष्य 1768 साली या किनाऱ्यावर आला, त्यालाही भातखाचरंच दिसली असणार. शास्त्राच्या वहीत या रानाची नोंद होण्याआधी ते संपलं होतं.

1693 ची पायरी भरभर ओलांडता येईल, फक्त तिरुविसनल्लूरला क्षणभर थांबा. शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलानं, हे गाव 46 पंडितांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याचं नाव शहाजीराजपुरम ठेवलं. इथले संत श्रीधर अय्यावाळ यांच्या विहिरीला कार्तिक अमावास्येला गंगा आली आणि पाणी रस्त्यावर वाहू लागलं, अशी कथा. अजून दरवर्षी तिथे स्नानाला रांग लागते. श्रद्धा तिच्या जागी राहू द्या. तुम्ही जमिनीकडे बघा: खाली नदीची जुनी वाळू, वर ऐन परतीच्या पावसाचे दिवस, भूजल पायाला लागेल इतकं वर. काठापासून दूरचं झाडही या पाण्यात मूळ बुडवून उभं असतं. पूर दिसला नाही तरी खालून येतो.

आता मोठी उडी घ्या, सातव्या शतकात. तिरुक्कोळ्ळंपुदूरला नदी फुगली आहे, नावाडी नाव सोडायला तयार नाही. काठावर शैव संतांतला कोवळा मुलगा, तिरुज्ञानसंबंदर. तो गातो आणि नाव आपोआप पैलतीराला लागते, असं मंदिराचं सांगणं. त्या नावेचा उत्सव आजही होतो. पैलतीरावर तुम्ही उतराल ते बेलाच्या रानात, विल्ववनात. कुंभकोणमच्या आसपास अशी पाच स्थळं पंचारण्य म्हणून एकत्र मोजली जातात. तिरुक्करुगावूर जुईचं वन, अवळिवणल्लूर पाडळीचं, हरिद्वारमंगलम शमीचं, आलंगुडी पूळैचं म्हणजे पांढऱ्या लोकरी कणसांच्या त्या छोट्या झुडपाचं, आणि हे पाचवं बेलाचं. पहाटे पहिल्या वनापासून मध्यरात्री पाचव्यापर्यंत एका दिवसात पाचही दर्शनं घ्यायची रीत आहे. त्याशिवाय कुंभकोणमच्याच आदि कुंभेश्वराला शमी, शेजारच्या तिरुनागेश्वरमला सोनचाफा, आणि जरा पुढे तिरुविडैमरुदूरला अर्जुन. हे शेवटचं क्षेत्र मध्यार्जुन म्हणवतं. वर श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, खाली तिरुप्पुडैमरुदूर, आणि हे मधलं.

स्थलवृक्षाच्या कथा पुराणातल्या आहेत, वनखात्याच्या नाहीत, हे मला मान्य. तरी यादी पुन्हा वाचा. अर्जुन पाण्याला चिकटून राहणारं झाड. शमी आणि बेल कोरड्या जागेतली. पाडळ मधली. पूळै उघड्या माळावरची, जुई रानाच्या कडेची. थोड्या कोसांत इतक्या वेगवेगळ्या सवयींची झाडं कशी? एकसारख्या सपाट जमिनीवर ती एकत्र येणार नाहीत. जमीन सपाट नसलीच पाहिजे. ते तपासायला शेवटची पायरी उतरा. इथे साल लिहिता येत नाही. करिकाल चोळानं कावेरीवर कल्लणै हा बंधारा बांधायच्या पुष्कळ आधी, इतकंच.

घाट नाही. तुमच्या पायाखाली ओली वाळू आहे. अंगाला काशगवत घासतंय, तुमच्या डोक्यापेक्षा उंच, पात्याच्या कडा कापणाऱ्या. मगर ज्या वाळूवर ऊन खाते ती हीच, तेव्हा जरा बघून चाला. हे बेट दोन पावसाळ्यांपलीकडचं नाही. इथे टिकायचं असेल तर लवकर उगवावं, लवकर बी टाकावं आणि मुळाच्या तुकड्यातूनही पुन्हा फुटावं. काश आणि लव्हाळा हे तिन्ही करतात. निर्गुडी पुरात आडवी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते.

आता काठावर चढा. हा चढ तुम्हाला जाणवेल. इथे अर्जुनाचे बुंधे आहेत, पांढुरक्या सालीचे, साल पापुद्र्यांनी सुटलेली, मुळं मातीबाहेर येऊन पाण्यापर्यंत पसरलेली. त्यांच्यामध्ये करंज, जांभूळ, उंबर. अर्जुनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्यात पिकून खाली पडली आहेत. आडिचं पाणी येईल तेव्हा ती तरंगत जातील आणि पूर जिथे ओला गाळ टाकेल तिथे थांबतील. करंजाच्या शेंगाही तशाच वाहतात. जांभळं पुराच्या थोडी आधी पिकतात. आभाळ कोरडं असताना येणारा पूर या झाडांना कसा सोयीचा आहे पाहा: रोप रुजायला ऊन भरपूर, खाली ओल, आणि दोन-तीन महिन्यांत आभाळाचा पाऊस आधाराला. उंबराखाली पाण्यात मासे टपून आहेत, आणि माशांवर पाणमांजरं.

नदीकडे पाठ करा आणि आत चाला. काठाचा माथा हीच या मैदानातली सगळ्यात उंच जागा आहे. पुराचं पाणी काठावरून बाहेर पडताच त्याचा वेग मोडतो. जड वाळू तिथेच पडते, बारीक गाळ पुढे जातो, आणि चिकण सगळ्यात लांब. म्हणून नदी स्वतःचे काठ स्वतःच उंच करत नेते आणि आजूबाजूची जमीन खाली राहते. त्रिभुज प्रदेशातली देवळं आणि गावं याच उंचवट्यांवर बसली, कुंभकोणमही कावेरी आणि अरसलारच्या मधे. माथ्यावरची वाळू पाणी धरत नाही, पूर आला तरी चार दिवसांत निचरून जातो. तिथे पाडळ, मोह, बांबूची बेटं. जुन्या सोडलेल्या पात्राच्या उंच काठांवर, जिथे पाणी क्वचितच पोचतं, तिथे बेल आणि शमी. शमीचं मूळ खूप खोल जातं, तिला वरच्या ओलीची पर्वा नाही. ऊन पडतं त्या फटीत जुईनं झुडपांवर चादर घातली आहे. देवळांची यादी इथे तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. तिचा आणि या चढउताराचा मेळ हा माझा कयास आहे, पण पायांना तो पटतो.

अजून पुढे चला. उतार इतका हलका की डोळ्याला कळत नाही, पण पाय ओले व्हायला लागतात. ही मागची दलदल. काठ ओलांडून आलेलं पाणी इथे महिनोन् महिने अडकून राहतं. चिकणमातीत हवा शिरत नाही, मुळं गुदमरतात, म्हणून अर्जुनासारखे दमदार गडीही इथे विरळ. कळंब उभा आहे, केवड्याची बेटं आहेत, पाणकणीस आणि बोरू. आणि मोकळ्या पाण्यात एक लांब कुसांचं गवत, दाणे पिकताच झडणारं. कोकणात याला देवभात म्हणतात. रानटी भात.

हा जिना जगभर आहे. डॅन्यूब-ऱ्हाइनच्या काठी पाण्यालगत विलो आणि पॉप्लर, त्यांच्यामागे उंचावर ओक, एल्म आणि अ‍ॅश. झाडं निराळी, पण पायऱ्या तशाच, आणि प्रत्येक पायरी वर्षातले किती दिवस पाण्याखाली जाते त्यावर ठरलेली. तिकडेही 1817 पासून टुल्ला नावाच्या इंजिनिअरनं ऱ्हाइन सरळ करायला घेतली आणि तिथलं जंगल आक्रसलं. फरक एवढा की तिकडच्या रानाची टिपणं करणारे लोक कुऱ्हाडीच्या आसपासच पोचले. इथे कुऱ्हाड दीड-दोन हजार वर्षं आधी आली.

आणि तिनं काय केलं तेही याच दलदलीत उभं राहून समजतं. भात हे मुळात पूरमैदानाच्या मागच्या खोलगटातलं गवत. शेतकऱ्यानं उंचवटे उतरवले, बांध घातले, कालवे काढले, आणि पूर्ण मैदान दलदलीच्या पातळीला आणलं. जिन्याची खालची पायरी त्यानं सगळीकडे पसरली, वरच्या पायऱ्या मोडल्या. काठ तेवढे टिकवले, कारण बांध फुटला तर पीक जातं. कुडिमरामत्तु म्हणजे गावकऱ्यांनी मिळून करायची डागडुजी त्यासाठीच होती. संगमकाळच्या कवींनी नदीकाठच्या भातशेतीच्या प्रदेशाला मरुदम म्हटलं, काठावरच्या एका झाडावरून. ते झाड अर्जुन की आपलं ताम्हण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या कवितांत मरुदम हा नवरा-बायकोच्या रुसव्याचा मुलूख आहे, पाणमांजरं आणि म्हशी आहेत, पण अरण्य नाही. झाडं तेव्हाच घाटापुरती उरली होती.

हे रान जिवंत बघायचं असेल तर कुंभकोणमला ते मिळणार नाही. कर्नाटकात, शिवनसमुद्राच्या खाली होगेनक्कलकडे जाताना कावेरी अभयारण्यात जा. तिथे अर्जुनाची दाट रांग नदीला धरून आहे, करंज-जांभूळही आहेत, आणि करड्या रंगाची मोठी खार त्या फांद्यांवरून पळते. पण तिथे नदी डोंगरांच्या मधून जाते, पसरायला मैदान नाही, त्यामुळे काठाची पायरी आहे आणि मागची दलदल नाही. दलदल बघायला पुन्हा तंजावर जिल्ह्यातच यावं लागेल, सांबा भाताच्या दिवसांत, खाचरं काठोकाठ भरलेली असताना. मधल्या पायऱ्या पाच देवळांच्या आवारात वाटून ठेवल्या आहेत. तिथे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा क्रम पाळा किंवा मोडा. वाहनवाल्याला मात्र पाचही गावांची नावं आधीच लिहून द्या, कारण वाटा वेण्णार आणि वेट्टारच्या फाट्यांनी कापलेल्या आहेत आणि पूल हवा तिथे असतोच असं नाही.